न आलेला मतदार

एडविन ओकॉनर यांची ‘द लास्ट हुर्रा’ ही कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी जॉन फोर्डने तिच्यावर बोलपट काढला, आणि ज्यांनी कादंबरी कधी उघडली नाही त्यांच्याही ओळखीचा तिचा नायक झाला. अमेरिकेतील शहरी राजकारणावरील ललित वाङ्मयाचा विषय निघाला की अजूनही प्रथम तिचेच नाव घेतले जाते, आणि ते अस्थानी नाही. मी ती अलीकडे दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वाचनात जे मोहक वाटले होते ते याही वेळी वाटले. परंतु पुस्तक मिटताना मन एका साध्या प्रश्नाशी अडखळले. प्रारंभापासून अखेरपर्यंत निवडणुकीनेच भरलेल्या या ग्रंथात, मतदानाला न जाणारा मनुष्य कोठे आहे?

कथानक थोडक्यात सांगावयाचे तर असे. बहात्तर वर्षांचा फ्रँक स्केफिंग्टन हा एका अनामिक शहराचा महापौर. ते शहर बॉस्टन आहे आणि स्केफिंग्टनच्या मागे जेम्स मायकेल कर्ली उभा आहे, हे कोणापासून लपलेले नाही. कर्ली चार वेळा बॉस्टनचा महापौर झाला. त्यांतील शेवटच्या कारकिर्दीत, १९४७ साली, पदावर असतानाच त्याने काही महिने तुरुंगवासही भोगला. स्केफिंग्टन पुन्हा एकदा निवडणुकीस उभे राहण्याचे ठरवतो आणि आपल्या ॲडम नावाच्या भाच्याला, केवळ गंमत पाहावी म्हणून, सोबत हिंडावयास बोलावतो. या भाच्याच्या डोळ्यांनी आपण सारे पाहतो. निवडणूक होते, दूरचित्रवाणीवर हसतमुखाने वावरणारा एक सामान्य तरुण जिंकतो, आणि त्याच रात्री म्हाताऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो. मृत्युशय्येपाशी कोणीसा पुटपुटतो की पुन्हा संधी मिळाली तर हा फार वेगळ्या तऱ्हेने जगेल. त्यावर मेल्यासारखा पडलेला स्केफिंग्टन डोळे उघडून त्याला अस्सल शिवी मिसळलेला नकार देतो. पुढच्याच वर्षी खऱ्या कर्लीने आत्मचरित्र लिहिले आणि त्याला ‘आय’ड डू इट अगेन’ असे नाव दिले. प्रतिमेने मूळ पुरुषाला शब्द पुरवावेत, असा हा विरळा प्रसंग.

कादंबरीतील सर्वोत्तम प्रकरण निवडणुकीचे नाहीच. ते मयताच्या घरचे आहे. नॉको मिनिहन नावाचा, कोणाच्याही विशेष प्रेमात नसलेला एक गृहस्थ वारतो. घर रिकामे. स्केफिंग्टन येतो, आणि तो येणार म्हणून सारे गाव येते. तो विधवेला आपल्या दिवंगत पत्नीच्या नावावर पैसे देतो, अंत्यविधीचे सामान पुरविणाऱ्या दुकानदाराला बाजूला घेऊन बिल उतरवावयास लावतो, आणि या सर्वांत त्याची प्रचारमोहीमही यथासांग पुढे सरकत असते. दया कोठे संपली आणि डावपेच कोठे सुरू झाला हे ॲडमला कळत नाही, वाचकाला कळत नाही, आणि बहुधा स्केफिंग्टनलाही कळत नसावे. ओकॉनर येथे निवाडा देत नाहीत, यातच त्यांचे कलावंतपण आहे.

मात्र नायक गेल्यावर लेखकाला त्याच्या पराभवाचे कारण सांगण्याचा मोह आवरत नाही. एक जाणते पात्र ॲडमला समजावून सांगते की हा म्हातारा प्रतिस्पर्ध्याकडून हरलाच नाही. त्याला रूझवेल्टने हरविले. पूर्वी नोकरी, कोळसा, औषधपाणी सारे ‘बॉस’च्या हातून मिळे, आता ते वॉशिंग्टनहून हक्काने मिळू लागले, आणि बॉसची गरज सरली. हे विवेचन इतके सुबक आहे की पुढे पुष्कळांनी ते इतिहास म्हणूनच स्वीकारले. वास्तविक, कादंबरी बाहेर पडण्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, शिकागोत रिचर्ड डेली महापौर झाला आणि १९७६ मध्ये मरेपर्यंत त्याच जुन्या यंत्राच्या बळावर त्याने शहर चालविले. वॉशिंग्टनच्या पैशाने त्याचे यंत्र मोडले नाही. ते अधिकच नीट चालले. शेवटचा म्हणून वर्णिलेला तो जयघोष शेवटचा नव्हता. कादंबरीकाराला इतिहासकाराच्या तराजूत तोलू नये हे मला मान्य आहे. परंतु ज्याने शोकगीत लिहावयास घेतले त्याने मृत कोण हे तरी नीट ओळखावे.

याच वंशातील एक जुने पुस्तक यासाठी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या संस्थेचा जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नावाचा एक प्रभागनायक कचेरीच्या आवारात बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून राजकारणावर प्रवचने देई. विल्यम रिअर्डन या पत्रकाराने ती उतरवून घेतली आणि १९०५ साली पुस्तकरूपाने छापली. सरकारी नोकरीतल्या माणसाने हे पुस्तक अवश्य वाचावे. स्पर्धापरीक्षा घेऊन नोकर नेमणे हा प्लंकिटच्या मते राष्ट्राला जडलेला क्षय आहे. अटलांटिक महासागरात पाणी किती आणि सहाराच्या वाळूचा गुण कोणता, असले प्रश्न विचारून पक्षासाठी राबलेल्या होतकरू पोरांना घरी धाडतात, आणि मग ती देशद्रोही निपजली तर नवल काय, असा त्याचा सवाल आहे. आपल्यापैकी ज्यांनी असलेच प्रश्न घोकून आजची खुर्ची मिळविली आहे त्यांना हे वाचताना हसू येईल, आणि हसता हसता किंचित ओशाळल्यासारखेही होईल. कारण त्याच पुस्तकात तो सांगतो की घर जळून उघड्यावर पडलेले कुटुंब दिसले की तो त्यांचा पक्ष विचारीत नाही, त्यांना धर्मादाय संस्थेच्या दारातही पाठवीत नाही. ती संस्था महिनाभर चौकशी करील आणि मंडळी उपाशी मेल्यावर मदत मंजूर करील. तो तत्काळ खोली आणि कपडे देतो. आपल्या फायलींचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या टीकेला उत्तर सुचणे कठीण आहे.

प्लंकिटची एक दिवसाची रोजनिशी पुस्तकाच्या अखेरीस दिली आहे. पहाटे दोनला जामीन, सहाला आग, दुपारी एका इटालियनाची अंत्ययात्रा, तेथून धावत एका ज्यूची, रात्री ज्यू कुटुंबातले लग्न. ही रोजनिशी वाचून प्रत्येक नवागताला या यंत्राने उराशी धरले असे वाटावे. तसे झाले नाही. स्टीव्हन एरी या अभ्यासकाने १९८८ साली ‘रेनबोज एंड’ या ग्रंथात दाखविले आहे की आयरिश पुढाऱ्यांना जोवर बहुमत हवे होते तोवर त्यांनी नवागतांना भराभर नागरिक करून मतदार केले. १८६८ च्या निवडणुकीपूर्वी टॅमनीच्या न्यायाधीशांनी काही आठवड्यांत हजारोंना नागरिकत्व दिले होते. परंतु बहुमत एकदा हाती आल्यावर त्यांचा हा उत्साह ओसरला. नवा मतदार म्हणजे नवा वाटेकरी. प्लंकिटच्या रोजनिशीत इटालियनाच्या प्रेताला जागा आहे. इटालियन उमेदवाराला नाही. कृष्णवर्णीय मनुष्य तर त्या दिवसभरात कोठेच भेटत नाही. स्केफिंग्टनच्या शहरातही त्याची वस्ती जवळजवळ नकाशाबाहेर आहे.

यंत्राचे शत्रू म्हणजे सुधारक. ललित वाङ्मयाने त्यांना नेहमी कोरड्या, सज्जन, किंचित हास्यास्पद माणसांच्या रूपात रंगविले आहे. ओकॉनरही त्याला अपवाद नाहीत. हे चित्र मला फार भाबडे वाटते. ही मंडळी हास्यास्पद मुळीच नव्हती. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी १८९० सालीच लिहून ठेवले होते की शहर हे राजकीय संस्थान नसून एक व्यापारी मंडळी आहे, आणि भागधारकांनीच, म्हणजे मालमत्तावाल्यांनी, तिचा खर्च ठरवावा. मताचा हक्क उघडपणे काढून घेणे उत्तरेत शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी तीन साधने हाती घेतली. मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढले. प्रभाग मोडून सर्व नगरसेवक सबंध शहरातून निवडावयाचे ठरविले. आणि नगराच्या निवडणुकीची तारीख राष्ट्राच्या निवडणुकीपासून तोडली.

यातील दुसरे साधन अंकगणिताचे आहे. शहरात शंभरांत साठ लोक एका रंगाचे आणि चाळीस दुसऱ्या. जागा नऊ, आणि प्रत्येकाला नऊही जागांसाठी मत. साठांनी एकदिलाने मत दिले की नऊच्या नऊ जागा त्यांच्या. बॉस्टनने हीच पद्धत १९४९ साली पत्करली, कर्लीचा पराभव झाला त्याच वर्षी. सबंध शहरातून निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक टॉमस ॲटकिन्स हा तेथे १९६७ मध्ये दिसला, आणि प्रभाग परत आले ते १९८३ च्या निवडणुकीत. ओकॉनर ज्या रस्त्यांवर आपला नायक हिंडवीत होते त्याच रस्त्यांवर, तेच लिहीत असताना, एका यंत्राची जागा दुसरे, अधिक अबोल यंत्र घेत होते. त्यांनी पहिल्याचे मरण पाहिले. दुसऱ्याचा जन्म पाहिला नाही.

तिसरे साधन सर्वांत सोज्वळ, आणि म्हणूनच सर्वांत परिणामकारक. आपल्याकडे मुहूर्त काढतात तो कार्य निर्विघ्न पार पडावे आणि चार माणसे जमावीत म्हणून. सुधारकांचा मुहूर्त माणसे जमू नयेत असा होता, असे म्हटले तर त्यांच्या हेतूवर अन्याय होईल. नगराचा प्रश्न राष्ट्राच्या गोंगाटात बुडू नये, असे ते म्हणत, आणि त्यांतील काही ते मनापासून म्हणत असतील. परिणाम मात्र तोच झाला. न्यूयॉर्कमध्ये १८९४ च्या राज्यघटनेने शहराच्या निवडणुका विषम वर्षी नेल्या. अन्यत्र कोठे मार्च, कोठे एप्रिल, कोठे जून. ज्याचे घर स्वतःचे, ज्याच्या दारात वर्षानुवर्षे तेच वर्तमानपत्र पडते, त्याला ही तारीख ठाऊक असते. भाड्याची खोली दर वर्षी बदलणाऱ्याला, दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला, काल नागरिक झालेल्याला ती कोण सांगणार? पूर्वी प्लंकिटचा माणूस सांगत असे. त्याला तर सुधारकांनी घालविले. सारा अँझिया यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की अशा वेगळ्या तारखेचा लाभ संघटित गटांना होतो, आणि त्यांत शिक्षकांच्या संघटना अग्रभागी असतात; ज्या ठिकाणी शाळामंडळाची निवडणूक एकटी होते तेथे त्यांचे पगार अधिक. म्हणजे मालमत्तावाल्यांसाठी लावलेल्या झाडाची फळे अखेर पगारदारांनीही खाल्ली. आपण पगारदार आहोत म्हणून हे येथे वगळणे बरे दिसले नसते.

आणि पगारदारांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. या मासिकाचे वाचक बहुधा बदलीच्या नोकरीतले. परमुलखात मतदान केंद्रावर बसून दुसऱ्यांची बोटे शाईने रंगविण्याचे काम आपल्यापैकी कित्येकांनी चोख केले असेल. आपल्या स्वतःच्या गावच्या नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी आपण कोठे होतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. न आलेला मतदार आळशीच असतो असे नाही, एवढे तरी त्यावरून पटेल.

तारीख बदलली की काय होते हे लॉस एंजेलिसने दाखविले. २०१७ मधील महापौराच्या निवडणुकीला शंभरांत सुमारे वीस मतदार आले. ती निवडणूक राज्याच्या निवडणुकीस जोडल्यावर, २०२२ साली, चव्वेचाळीसच्या आसपास आले. न्यूयॉर्कची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे कायदेशीर रहिवासी असलेल्या आठ लाखांवर परदेशी नागरिकांना शहरापुरते मत देण्याचा ठराव २०२१ साली झाला होता. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ही कल्पना काही नवी अथवा परकी नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत नागरिक नसलेले लोक मत देत. शेवटी १९२६ साली अर्कान्सासमध्ये ती प्रथा बंद पडली. परंतु त्याच २०२५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला वीस लाखांहून अधिक मतदार उतरले. १९६९ नंतर इतके कधी आले नव्हते. चार वर्षांपूर्वी ते सुमारे अकरा लाख होते. निवडून आले जोहरान ममदानी, जन्म कंपालाचा, नागरिकत्व २०१८ चे. ‘सलाम बॉम्बे’च्या दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव. याच दिवशी याच मतपत्रिकेवर एक प्रश्न होता: शहराची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी घ्यावी काय? बहुसंख्यांनी ‘नको’ म्हटले. मोठ्या संख्येने आलेल्या मतदारांनीच १८९४ चे पंचांग कायम ठेवले. कोण्या कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पिला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम ठरविले असते.

तरीही मतदार आले म्हणजे सर्व मंगल झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. १२ एप्रिल १९८३ रोजी शिकागोत नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा ब्याऐंशी मतदानाला गेले. आदल्या वर्षी कृष्णवर्णीय वस्त्यांतून लाखावर नवी नावे नोंदली गेली होती, आणि त्यांच्या बळावर हॅरल्ड वॉशिंग्टन हा शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला. परंतु त्या मोठ्या आकड्यात दुसरीही बाजू होती. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे गोरे मोहल्ले त्या दिवशी रिपब्लिकन उमेदवारासाठी लोटले, आणि त्याच्या प्रचाराची घोषणाही ‘वेळ टळून जाण्यापूर्वी’ अशी सूचक होती. वॉशिंग्टनला शेकडा बावन्न मतेसुद्धा पुरती पडली नाहीत. पुढे नगरसभेत एकोणतीस विरुद्ध एकवीस अशी फळी धरून विरोधकांनी त्याचा कारभार तीन वर्षे अडवून धरला. माणसे प्रेमाने घराबाहेर पडतात तशी भयानेही पडतात. मोजताना दोन्ही सारखीच मोजली जातात.

या विषयावरील माझ्या दृष्टीने सर्वांत हृदयस्पर्शी लेखन मात्र कादंबरी नाही; तो एक सरकारी चौकशी अहवाल आहे. मिसुरी राज्यातील फर्ग्युसन या, सुमारे एकवीस हजार वस्तीच्या नगराच्या पोलीस खात्याविषयीचा. नाव ऐकून पुणेकर वाचकाचे मन भलत्याच रस्त्याला लागेल. त्याने क्षमा करावी. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथे मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, आणि अमेरिकेच्या न्यायखात्याने ४ मार्च २०१५ रोजी शंभरावर पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची भाषा कचेरीची, क्रम परिच्छेदांचा, सूर कोठेही चढत नाही. १९९० साली या गावात शेकडा चौऱ्याहत्तर गोरे होते. २०१० पर्यंत शेकडा सदुसष्ट कृष्णवर्णीय झाले. अटक झालेल्यांत मात्र ते शेकडा त्र्याण्णव. चोपन्न पोलिसांत कृष्णवर्णीय चार. २०१५ च्या अंदाजपत्रकातील १ कोटी ३२ लाख डॉलर जमेपैकी सुमारे ३१ लाख दंडांतून यावयाचे होते. मार्च २०१० मध्ये वित्ताधिकारी पोलीसप्रमुखाला लिहितो की वर्ष संपण्यापूर्वी चिठ्ठ्या फाडण्याचा वेग वाढला नाही तर पुढल्या सालची वसुली वाढविणे कठीण जाईल. असा मेमो आपण सर्वांनी कधी ना कधी वाचला आहे. त्यात कोठेही क्रौर्य नाही, द्वेष नाही. फक्त उद्दिष्ट आहे.

अहवालकारांनी रोगाचे लक्षण उत्कृष्ट टिपले. निदानाच्या एका पायरीवर मात्र ते थांबले. हे उद्दिष्ट मंजूर करणारी नगरसभा कोणी निवडली? त्या वेळी महापौर गोरा होता आणि सहा नगरसेवकांत पाच गोरे. नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडताना याच गावातील शंभरांत शहात्तर मतदार आले होते. एप्रिल २०१३ मध्ये आपली नगरसभा निवडताना बाराच्या आसपास. माणसे तीच, रस्ते तेच, मध्ये पाच महिने. ओकॉनरना जो मनुष्य सापडला नाही तो येथे, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहतो. एप्रिल २०१५ मध्ये तीसच्या घरात मतदार आले आणि कृष्णवर्णीय नगरसेवक एकाचे तीन झाले. त्यांपैकी एला जोन्स २०२० साली महापौर झाल्या. त्याच भागातील शाळामंडळाची सरसकट निवडणुकीची पद्धत २०१६ मध्ये न्यायालयाने मतदानहक्काच्या कायद्याविरुद्ध ठरविली. पण ज्या वर्षी हे काही झाले नव्हते त्या वर्षांचा हिशेब अहवालातील एका नाव नसलेल्या स्त्रीच्या प्रकरणात पडला आहे.

२००७ साली तिने एकदा आपली मोटार चुकीच्या जागी उभी केली. दोन चिठ्ठ्या मिळाल्या. दंड १५१ डॉलर, शिवाय शुल्क. ती कृष्णवर्णीय होती, पैशाने नडलेली, मधून मधून बेघर. तारखांना हजर न राहिल्याबद्दल तिच्यावर सात वेळा नवे आरोप आले आणि प्रत्येकाचा नवा दंड. मध्यंतरी तिने पंचवीस आणि पन्नास डॉलर भरून पाहिले. पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत पाठविले. दोनदा अटक झाली, सहा दिवस ती कोठडीत राहिली. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ डॉलर अजून देणे होते. या सात वर्षांत गावात सात वेळा एप्रिल महिना आला. त्यांपैकी एखाद्या एप्रिलात ती मतदानाला गेली होती की नाही, याची नोंद अहवालात नाही.